चेहऱ्यात फिलर घ्यायचंय: सुईने की बोथट कॅन्युलाने?

फिलर म्हणजे चेहऱ्यातले खड्डे, सुरकुत्या भरायला कातडीखाली टोचायचं जेल. ते घ्यायचं ठरलं की नागपुरात हल्ली लगेच पुढचा प्रश्न येतो, “मॅडम, सुईने करता की त्या बिनटोकाच्या नळीने?” मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे लोकांच्या मनात पक्कं बसलंय की कॅन्युला म्हणजे सुरक्षित आणि सुई म्हणजे जुनाट. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि दोन्ही वापरते, म्हणून माझं मत आधीच सांगते. गाल, डोळ्याखालचा खड्डा, जबड्याची कड आणि नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी, इथे कॅन्युला मागा. ओठांची रेघ, हनुवटीचं टोक आणि कातडीतल्या बारीक सुरकुत्या यांना सुईच बरी. नाक आणि दोन भुवयांमधली जागा असेल तर मात्र ‘कशाने’ हे नंतर बघू. तिथे फिलर घ्यायचं की नाही, हेच आधी ठरवायला हवं.

इथे मी बोलतेय ते हायल्युरोनिक ॲसिडच्या फिलरबद्दल. आपल्याकडे सर्वांत जास्त तेच वापरलं जातं, आणि त्याचा एक मोठा गुण म्हणजे गरज पडली तर ते विरघळवता येतं. कॅल्शियमवालं किंवा पॉलिलॅक्टिक ॲसिडवालं उत्पादन कोणी सुचवत असेल तर लक्षात ठेवा, त्यांना विरघळवणारं औषध नाही.

दोन्ही हत्यारं जवळून

फिलरच्या खोक्यात बहुधा येते ती सुई २७ किंवा ३० गेजची. लांबी जेमतेम अर्धा इंच, टोक तिरकं कापलेलं, धारदार. गेजचा आकडा उलटा चालतो, आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. ३० गेज म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर जाडी, २७ म्हणजे ०.४, २५ म्हणजे ०.५ आणि २२ म्हणजे ०.७.

कॅन्युला दीड ते दोन इंच लांब असते. बोटांत धरली की लवते. तिचं टोक गोल आणि बंद असतं. औषध बाहेर पडतं ते टोकाच्या जरा मागे, बाजूला असलेल्या छोट्या छिद्रातून. चेहऱ्यासाठी २२ आणि २५ गेजच्या जास्त चालतात. बोथट असल्यामुळे ती स्वतःहून कातडीत शिरत नाही. आधी तिच्याहून किंचित जाड धारदार सुईने एक भोक पाडायचं आणि त्यातून कॅन्युला आत सरकवायची. म्हणजे कॅन्युलाने केलं तरी पहिलं टोचणं सुईचंच असतं, आणि त्या एका टोचण्याला सुईचे सगळे नियम लागू होतात. कुठली रक्तवाहिनी कुठून जाते हे ओळखूनच ती जागा निवडावी लागते.

आत गेल्यावर काय होतं ते सांगते, कारण पहिल्यांदा घेणाऱ्यांना त्याचीच धास्ती जास्त असते. भोकातून कॅन्युला शिरली की सुरुवातीला थोडा अडथळा येतो. मग ती कातडीखालच्या चरबीच्या थरात पोचते आणि सरळ पुढे सरकू लागते. डॉक्टरांच्या दुसऱ्या हाताची बोटं वरून तिचं टोक चाचपत असतात. तुम्हाला टोचल्यासारखं फारसं वाटत नाही. आत काहीतरी सरकतंय, दाबलं जातंय, एवढंच कळतं. गालाच्या वरच्या भागात, कानाजवळ, बारीक करकर ऐकू येते. आतले तंतू बाजूला होतानाचा तो आवाज असतो, काही फाटत नाही. “लय दुखते का जी?” असं विचारत खुर्चीत बसलेल्या बायका करकर ऐकून दचकतात, आणि दुखलं नाही म्हणून मग स्वतःच हसतात. एका भोकातून पंख्यासारख्या दिशा बदलत जवळजवळ अख्ख्या गालात औषध सोडता येतं. तेच काम सुईने करायचं तर चार-सहा ठिकाणी टोचावं लागतं.

खरा प्रश्न रक्तवाहिनीचा

फिलरमध्ये भीती बाळगावी अशी गोष्ट एकच. औषध रक्तवाहिनीत जाणं, किंवा बाहेरून दाब पडून वाहिनी बंद होणं. रक्त थांबलं की तिथली कातडी मरू लागते. आणि चेहऱ्याच्या रक्तवाहिन्यांची एक अडचण आहे. नाकाच्या, भुवयांमधल्या आणि कपाळाच्या धमन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी जोडलेल्या असतात. तिथे जोराने सोडलेलं औषध उलट्या दिशेने मागे ढकललं जाऊन डोळ्याच्या पडद्याच्या धमनीपर्यंत जाऊ शकतं. पडदा रक्ताशिवाय साधारण तास-दीड तासच तग धरतो. फिलरमुळे दृष्टी गेलेल्या ९८ रुग्णांचा जगभरातून गोळा केलेला आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत जास्त, म्हणजे ३८.८ टक्के, भुवयांमधल्या जागेचे होते. त्याखालोखाल नाक, २५.५ टक्के. मग नाकाशेजारची घडी आणि कपाळ. असा प्रकार फार क्वचित घडतो, पण घडला तर गेलेली नजर परत येणं अवघड असतं. म्हणून जागेचा विचार हत्याराच्या आधी.

आता सुई विरुद्ध कॅन्युला. याबाबत सर्वांत उपयोगी आकडे २०२१ सालच्या एका अमेरिकी अभ्यासातले आहेत. ३७० त्वचारोगतज्ज्ञ, आणि त्यांनी दिलेल्या सुमारे १७ लाख सिरिंज. सुईने दिलेल्या दर ६,४१० सिरिंजमागे एकदा रक्तवाहिनी बंद पडल्याची नोंद होती. कॅन्युलाने हेच प्रमाण दर ४०,८८२ सिरिंजमागे एक. दोन्हीकडे धोका लहान आहे, पण कॅन्युलाचा बराच लहान. हा अभ्यास मागच्या नोंदी आणि आठवणींवर आधारलेला होता, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेला नव्हता. शिवाय अवघड जागी डॉक्टर कदाचित मुळातच वेगळं हत्यार उचलत असतील. तरी एवढा मोठा फरक बाजूला सारता येत नाही.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा लोक सांगत नाहीत, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. पाच वर्षांहून जास्त अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे वाहिनी बंद पडण्याची शक्यता, त्याहून कमी अनुभव असलेल्यांपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी कमी होती. कॅन्युलामुळे ती सुमारे ७७ टक्क्यांनी कमी झाली होती. म्हणजे हातात काय आहे त्याला जितकं महत्त्व, जवळजवळ तितकंच हात कोणाचा आहे त्याला. नवशिक्याच्या हातातली कॅन्युला आणि चेहऱ्याची रचना कोळून प्यालेल्या डॉक्टरच्या हातातली सुई, यांत निवड करायची वेळ आली तर मी डोळे मिटून दुसऱ्याकडे जाईन.

आणखी एक गोष्ट गेजची. मृतदेहांवर केलेल्या एका प्रयोगात धमनीची भिंत भेदायला किती जोर लागतो ते मोजलं होतं. २२ आणि २५ गेजच्या कॅन्युलाला त्याच जाडीच्या सुईपेक्षा स्पष्टपणे जास्त जोर लागला. २७ गेजला पोचल्यावर मात्र सुई आणि कॅन्युला यांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. इतक्या बारीक नळीचं टोक गोल असलं तरी ती टोचतेच. म्हणून “आम्ही कॅन्युला वापरतो” एवढ्या उत्तरावर थांबू नका, “किती गेजची?” हेही विचारा. २५ किंवा त्याहून जाड असेल तर त्या सुरक्षिततेला अर्थ आहे. “आमची सर्वांत बारीक, म्हणून सर्वांत सुरक्षित” असं कोणी म्हणत असेल तर ते उलट आहे.

जोर लावून घुसवलेली जाड कॅन्युलाही वाहिनी फोडू शकते. मुरमांचे खोल व्रण, पूर्वीची शस्त्रक्रिया किंवा आधी घेतलेलं फिलर असेल तर आतले थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि बोथट टोक अडतं. अशा वेळी रेटायचं नसतं, वाट बदलायची असते. तुमच्या चेहऱ्यावर पूर्वी काय काय झालंय, पार्लरमध्ये घेतलेलं इंजेक्शनसुद्धा, ते डॉक्टरांना आधी सांगा.

जागेप्रमाणे निवड

गालाला मी कॅन्युलाच वापरते. जागा मोठी, थर सैल, आणि औषध सपाट पसरायला हवं असतं. गालाच्या हाडाच्या उंचवट्यावर नेमका एक ठिपका ठेवायचा असेल तर काही चांगले डॉक्टर सुई थेट हाडापर्यंत नेतात, आणि तेही चुकीचं नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की सुई हाडावर टेकवून औषध सोडलं तरी त्यातलं काही सुईच्याच वाटेने वर चढून वरच्या थरांत जाऊ शकतं. मृतदेहांवरच्या अभ्यासात हे दिसलंय. कॅन्युलाने सोडलेलं औषध ठरवलेल्या थरात जास्त नीट राहिलं.

डोळ्याखालचा खड्डा ही माझ्या मते कॅन्युलाची सर्वांत हक्काची जागा. तिथली कातडी कागदासारखी पातळ, खाली शिरांचं जाळं, आणि सुईने टोचलं की रक्त साकळायला वेळ लागत नाही. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत त्या साकळलेल्या रक्ताचा तपकिरी डाग कधी कधी महिनोन्महिने रेंगाळतो. काळी वर्तुळं घालवायला आलेल्या बाईला हे किती लागत असेल, सांगायला नको. औषध वरच्या थरात राहिलं तर कातडीतून निळसर झाक दिसते, त्यामुळे इथे खोली फार महत्त्वाची. आणि वर्तुळं खड्ड्यामुळे नसून रंगामुळे असतील तर सुई काय नि कॅन्युला काय, फिलरने ती जाणार नाहीत.

नाकाशेजारच्या घडीखालून चेहऱ्याची मुख्य धमनी वळणं घेत वर जाते. ती प्रत्येकात वेगळ्या खोलीवर असते, कधी अगदी वर. तिथेही कॅन्युलाच. जबड्याच्या कडेला लांब सरळ रेघ हवी असते, ती कॅन्युलाने एका दमात होते.

ओठ हा वादाचा भाग. ओठ भरीव करायचे असतील तर कोपऱ्यातून कॅन्युला घालता येते. पण ओठांची कड उठावदार करायची, वरच्या ओठाच्या मधली कमान रेखायची, तर कॅन्युला त्या कामाला बोजड पडते. तिथे बारीक सुई, थोडं थोडं औषध आणि हळू हात. वाहिन्या बंद पडण्याच्या घटनांत ओठ आणि नाकाशेजारची घडी या जागा पुढे आहेत, म्हणून ‘ओठांचं काय, दहा मिनिटांचं काम’ असं सांगणाऱ्याकडे जाऊ नका. हनुवटीच्या टोकाला मधोमध हाडावर औषध ठेवायचं तर सुई पुरते.

नाक आणि भुवयांमधली जागा यांबद्दल माझं मत कडक आहे. भुवयांमधल्या आठ्यांना बोटुलिनम टॉक्सिन (स्नायू सैल करणारं इंजेक्शन, लोकांच्या बोलण्यातलं बोटॉक्स) हा चांगला पर्याय असताना तिथे फिलर कशाला? आणि शस्त्रक्रियेविना नाक सरळ करून देण्याच्या जाहिराती पाहून येणाऱ्यांना मी परत पाठवते, कॅन्युलाने करा म्हटलं तरी. नाकाची पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल तर आणखीच ठामपणे.

दुखणं, काळंनिळं, पैसा

कॅन्युलाने टोचणी कमी, म्हणून काळंनिळं पडणं आणि सूजही बहुधा कमी. पण ‘बहुधा’च. टोचण्याच्या जागी एखादा निळा ठिपका उठतोच. हल्लीच्या बऱ्याच फिलरमध्ये लिडोकेन हे बधिर करणारं औषध मिसळलेलं असतं, त्यामुळे दोन्हींत दुखणं सोसण्याजोगं असतं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, माशाच्या तेलाच्या गोळ्या, व्हिटॅमिन ई यांनी काळंनिळं पडण्याचं प्रमाण वाढतं. हृदयासाठी लिहून दिलेलं ॲस्पिरिन मात्र त्या डॉक्टरांना न विचारता थांबवू नका. गालात फिलर भरण्याहून ते हृदय जास्त महत्त्वाचं आहे.

पैशाचा विचार थोडक्यात. फिलरच्या सिरिंजच्या किमतीपुढे कॅन्युलाचा खर्च किरकोळ असतो. बिलात ‘कॅन्युला तंत्र’ म्हणून मोठी रक्कम वेगळी लावली असेल तर कशाची ते विचारा. सुई असो वा कॅन्युला, दोन्ही एकदाच वापरायच्या. सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. फिलरच्या खोक्यावरचं लॉट नंबरचं स्टिकर तुमच्या फाइलला लावून घ्या.

‘सुईशिवाय फिलर’ म्हणून एक पेन पार्लरांत फिरतंय. ते दाबाने औषध कातडीतून आत मारतं. कुठल्या थरात गेलं त्यावर कोणाचा ताबा नसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ सालीच त्याविरुद्ध इशारा दिलाय. माझ्या लेखी तो पर्यायच नाही.

नागपुरात कुठे आणि कधी

फिलर देणाऱ्याची पदवी बघा. त्वचारोगातलं एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.व्ही.डी., नाहीतर प्लास्टिक सर्जरीतलं एम.सीएच. असावं, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असावा. धंतोली, रामदासपेठ, धरमपेठेत पाट्यांची कमी नाही, पण ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ या शब्दामागे कुठली पदवी आहे ते विचारायला लाजू नका.

त्यानंतर माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा. “हायल्युरोनिडेज आत्ता तुमच्या फ्रिजमध्ये आहे का?” हायल्युरोनिक ॲसिड विरघळवणारं औषध ते हेच. वाहिनी बंद पडल्याची शंका आली की ते तिथल्या तिथे, पुरेशा मात्रेत, गरजेप्रमाणे तासातासाने पुन्हा द्यावं लागतं. “लागलं तर मागवू” हे उत्तर चालत नाही. मधमाशी चावून तुम्हाला कधी मोठी ॲलर्जी झाली असेल तर तेही आधीच सांगा, कारण त्या लोकांत या औषधाची ॲलर्जी होऊ शकते. डोळ्याला काही झालं तर कुठल्या नेत्रतज्ज्ञाकडे मिनिटांत पाठवणार, हेही डॉक्टरांनी आधी ठरवलेलं असावं.

एक मुलगी माझ्याकडे सकाळी दार उघडायच्या आधीच येऊन उभी होती. आदल्या दिवशी दुसरीकडे ओठांत सुईने फिलर घेतलेलं. संध्याकाळी वरच्या ओठाची डावी बाजू पांढुरकी झाली, ठणकू लागली. रात्री नाकाच्या बाजूपर्यंत जांभळी जाळी उमटली. फोन केला तर तिला सांगितलं, “सूज आहे, बर्फ लावा.” ती रात्रभर बर्फ लावत बसली. बर्फाने वाहिन्या आणखी आकसतात, तिथे हवा होता हलका शेक आणि लगेच हायल्युरोनिडेज. मी बोटाने ओठ दाबून सोडला. एरवी दोन सेकंदांत परत लाली येते, तिच्या ओठाला कितीतरी वेळ लागत होता. दिवसभर तिला थांबवून घेतलं, औषध पुन्हा पुन्हा दिलं. कातडी वाचली. तिला रात्रीच कोणी बोलावलं असतं तर तिचे ते तास भीतीत गेले नसते, याची चीड मला अजून येते. सूज आणि काळंनिळं पडणं हे नेहमीचं. पण कातडी पांढरी पडणं, जाळीदार जांभळा रंग, वाढत जाणारी कळ, किंवा नजरेत कुठलाही बदल, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

म्हणूनच चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाहून येणाऱ्यांना मी एक आग्रह करते. दुपारी फिलर घेऊन संध्याकाळच्या बसने परत जाऊ नका. एक रात्र नागपुरात नातेवाइकांकडे थांबा. दीडशे किलोमीटरवर रात्री अकराला ओठ पांढरा पडला तर हातात वेळ उरत नाही. क्लिनिकचा रात्री उचलला जाणारा नंबर घेतल्याशिवाय तिथून निघूही नका.

आपल्या उन्हाचाही हिशेब करा. बरीचशी फिलर २५ अंशांच्या आत ठेवायची असतात, आणि मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर जातं. खोकं कुरिअरच्या गाडीत किती तास भाजलं, वितरकाकडून थंड पेटीत आलं का, हे विचारणं रास्त आहे. घेतल्यानंतर दोन दिवस तरी कडक ऊन टाळायचं असतं, त्यामुळे नवतपात फिलर घेऊन दुपारी स्कूटीवर फिरायचं असेल तर थोडं थांबलेलं बरं.

लग्नासाठी घेत असाल तर हळदीच्या किमान तीन आठवडे आधी घ्या, हत्यार कुठलंही असो. सूज उतरायला आणि औषध बसायला दोन आठवडे जातात, मग कुठे कमी-जास्त वाटलं तर दुरुस्तीला आठवडाभर हाताशी उरतो. त्या काळात पार्लरचा मसाज आणि फेशियल बंद, आणि दाढ काढायची राहिली असेल तर ती फिलरच्या दोन आठवडे आधीच उरकून घ्या.